इंटरनेट बंद, संकेतस्थळ सुरू

संकेतस्थळं बनवायला शिकणाऱ्या मुलामुलींना सुरुवातीलाच एक कोडं पडतं. एचटीएमएलमध्ये लिहिलेलं साधं पान डेस्कटॉपवर ठेवून त्यावर डबल-क्लिक केलं, की ते ब्राउझरमध्ये नीट उघडतं. पुढच्या धड्यात पीएचपी येतं. फोल्डर तोच, डबल-क्लिक तसाच; पण या वेळी पानाऐवजी लिहिलेला कोडच पडद्यावर दिसतो, नाहीतर ब्राउझर ती फाइल नुसती डाउनलोड करतो. विद्यार्थी कोडमधली चूक शोधत राहतो. ती सापडत नाही, कारण ती तिथे नसतेच.

मग वर्गातलं कोणीतरी सांगतं, 'झॅम्प टाक.' ते टाकलं, दोन ठिकाणी 'स्टार्ट' दाबलं, फाइल सांगितलेल्या, 'एचटीडॉक्स' नावाच्या फोल्डरमध्ये नेली आणि पत्त्याच्या पट्टीत 'लोकलहोस्ट' लिहिलं, की तीच फाइल चालू लागते. वायफाय बंद केलं तरी चालते. तोच पत्ता मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवला, तर तिच्याकडे मात्र काहीच उघडत नाही.

बहुतेक शिकवण्या इथून लगेच पुढच्या धड्याकडे जातात. बटणं दाबली, चाललं, झालं. मला हे पटत नाही. मोठी संकेतस्थळं ज्या पद्धतीने चालतात, तीच पद्धत त्या दोन बटणांमागे आपल्या लॅपटॉपवर उभी राहिलेली असते. ती नीट समजून घेतली, तर पुढे येणाऱ्या चुकांपैकी निम्म्या तरी नुसत्या वाचून उलगडतात. म्हणून या लेखात त्या बटणांच्या मागे जाऊ.

फाइल उघडणं आणि पान मागणं

फाइलवर डबल-क्लिक केल्यावर ब्राउझर ती डिस्कवरून थेट वाचतो. मध्ये कोणी नसतं. एचटीएमएल ही ब्राउझरला कळणारी भाषा असल्यामुळे तो पान मांडून दाखवतो. पीएचपी त्याला कळत नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. पीएचपीच्या फाइलीत पान नसतं; पान कसं तयार करायचं याच्या सूचना असतात. त्या सूचना कोणीतरी अमलात आणाव्या लागतात आणि तयार झालेलं पान ब्राउझरच्या हाती द्यावं लागतं.

तहसील कार्यालयातली नकलेची खिडकी आठवून पाहा. जुन्या फेरफाराची नक्कल हवी असेल, तर आपण अभिलेख कक्षात शिरून दप्तरं उपसत नाही. खिडकीवर अर्ज देतो. कारकून अर्ज वाचतो आणि काय हवं ते चिठ्ठीवर लिहून आत पाठवतो. आतला अभिलेखपाल नेमकं दप्तर काढून नोंद शोधून देतो. कारकून नक्कल तयार करतो, शिक्का मारतो आणि खिडकीतून बाहेर देतो. आपल्या हाती येते ती तयार नक्कल. आतली कपाटं आणि शोधाशोध आपल्याला दिसत नाही.

इथे अर्जदार म्हणजे ब्राउझर, खिडकीवरचा कारकून म्हणजे वेब सर्व्हर आणि आतला अभिलेखपाल म्हणजे डेटाबेस. नक्कल कशी तयार करायची याच्या कारकुनाला दिलेल्या सूचना म्हणजे आपला पीएचपीचा कोड. डबल-क्लिक करताना आपण खिडकी टाळून सूचनांचा कागदच अर्जदाराच्या हातात देतो. तो त्याचं काय करणार? वाचून दाखवतो, एवढंच.

सर्व्हर म्हटलं की वातानुकूलित खोलीतली कपाटाएवढी यंत्रं डोळ्यांसमोर येतात. त्या यंत्रांवर चालणारा वेब सर्व्हर हा मुळात एक प्रोग्राम असतो. मागणी येण्याची वाट पाहायची आणि आली की उत्तर द्यायचं, हे त्याचं काम. हा प्रोग्राम कुठल्याही साध्या संगणकावर चालतो. जगातला पहिला वेब सर्व्हर असाच टेबलावरच्या एका संगणकावर चालत होता. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस नेक्स्ट कंपनीच्या एका संगणकावर सर्व्हर लिहिला आणि ब्राउझरही लिहिला. त्या यंत्रावर त्यांनी लाल शाईत लिहिलेली सूचना चिकटवली होती: हा सर्व्हर आहे, बंद करू नये. मागणारा आणि देणारा एकाच यंत्रावर असणं ही शिकाऊ लोकांसाठी काढलेली पळवाट नव्हे. वेबची सुरुवातच तशी झाली.

पत्ता स्वतःचाच

इंटरनेटवर यंत्रं एकमेकांना आकडी पत्त्याने ओळखतात. आपण संकेतस्थळाचं नाव टाइप करतो आणि त्या नावाचा आकडी पत्ता डीएनएस ही व्यवस्था शोधून देते. 'लोकलहोस्ट' हे नाव मात्र जगभर एकाच अर्थासाठी राखून ठेवलेलं आहे: मी ज्या यंत्रावर बसलो आहे तेच यंत्र. त्याचा आकडी पत्ता १२७.०.०.१. खरं तर १२७ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे, सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते, या एका कामासाठी बाजूला ठेवलेले आहेत, आणि व्यवहारात त्यांतला जवळजवळ एकच वापरला जातो. पत्ते पुढे अपुरे पडतील, असं ते वाटून देणाऱ्यांना त्या काळी वाटलं नव्हतं. नंतर आलेल्या आयपीव्ही६ या पद्धतीत याच कामासाठी फक्त एक पत्ता दिला आहे.

या पत्त्यावर पाठवलेली मागणी यंत्राबाहेर पडत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ती आतल्या आत वळवते आणि त्याच यंत्रावर वाट पाहत असलेल्या सर्व्हरकडे देते. वायफाय बंद असून पान उघडतं ते यामुळे. मैत्रिणीकडे ते उघडत नाही, याचंही कारण हेच. तिच्या फोनवर लोकलहोस्ट म्हणजे तिचा फोन, आणि तिथे आपला सर्व्हर नाही.

आपलं पान तिच्या फोनवर दाखवायचं असेल, तर दोघींची यंत्रं एकाच वायफायवर हवीत आणि राउटरने आपल्या लॅपटॉपला दिलेला पत्ता तिला द्यायला हवा. घरगुती राउटरवर तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. विंडोजचा फायरवॉल मध्ये येऊन परवानगी विचारतो. घरच्या नेटवर्कवर ती द्यावी, कॅफेतल्या किंवा रेल्वे स्थानकावरच्या वायफायवर देऊ नये. हा उद्योग करण्यासारखा आहे, कारण आपण बनवलेलं संकेतस्थळ बहुतेक लोक फोनवरच पाहणार आहेत.

नावाबद्दल एक सावधगिरी. लोकलहोस्टऐवजी स्वतःच्या कामाला खास नाव देण्याची अनेक प्रोग्रामरांना हौस असते. पूर्वी त्यासाठी नावाच्या शेवटी 'डॉट डेव्ह' लावायची पद्धत होती. पुढे हे शेपूट गूगलने स्वतःसाठी नोंदवलं, आणि २०१७ च्या अखेरीस क्रोम ब्राउझरने अशा नावांच्या सगळ्या पत्त्यांना सुरक्षित एचटीटीपीएसची सक्ती केली. जगभरातल्या प्रोग्रामरांची घरची संकेतस्थळं एका अपडेटनिशी उघडेनाशी झाली. 'डॉट टेस्ट' हे शेपूट मात्र १९९९ पासून चाचणीसाठीच राखीव आहे. नाव द्यायचंच असेल, तर ते वापरावं.

खिडकीचा क्रमांक

एका इमारतीत बऱ्याच खिडक्या असतात, तसे एका पत्त्यावर बरेच सर्व्हर असू शकतात. कोणत्या खिडकीवर जायचं हे सांगणारा आकडा म्हणजे पोर्ट. तो ६५,५३५ पर्यंत असू शकतो. काही आकडे रूढ झालेले आहेत: साध्या वेबसाठी ८०, सुरक्षित वेबसाठी ४४३, मायएसक्यूएल डेटाबेससाठी ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएलसाठी ५४३२. आपण पत्त्यात पोर्ट लिहीत नाही, तेव्हा ब्राउझर ८० किंवा ४४३ धरून चालतो.

एका खिडकीवर एका वेळी एकच जण बसू शकतो. झॅम्पमधला अपाची सर्व्हर सुरू होण्याआधीच लाल अक्षरांत तक्रार करून थांबला, तर नव्वद टक्के वेळा ८० नंबरवर दुसरा कोणीतरी आधीच बसलेला आहे असं समजावं. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वेब सर्व्हर तिथे असू शकतो. एके काळी स्काइपही या पोर्टवर बसायचं आणि विद्यार्थ्यांना छळायचं. मॅकवर २०२१ पासून ५००० हा पोर्ट एअरप्लेची सोय अडवून बसते, आणि पायथॉन शिकणाऱ्यांना नेमका तोच हवा असतो.

उपाय सोपा आहे. अपाचीच्या कॉन्फिगरेशन फाइलीत 'लिसन ८०' अशी ओळ असते. तिथे ८०८० लिहायचं, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा आणि पत्त्यात लोकलहोस्टपुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन ८०८० लिहायचं. पोर्ट बदलला, तरी बाकी काही बदलत नाही. झॅम्प काढून पुन्हा टाकण्यात वेळ घालवणारे विद्यार्थी पाहिले की वाईट वाटतं, कारण पुन्हा टाकल्यावरही ८० वर बसलेला तिथेच असतो.

वाचनालयाची नोंदवही

आता अभिलेखपालाकडे वळू. एक खरंखुरं वाटेल असं काम घेऊ: गावातल्या शासनमान्य वाचनालयाची पुस्तकं संगणकावर आणायची आहेत. वाचनालयात दाखल नोंदवही असते, प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो, सभासदांची यादी असते आणि देवघेवीची वेगळी वही असते. हे सगळं एक्सेलमध्ये का ठेवू नये?

छोट्या यादीसाठी जरूर ठेवावं. अडचण येते ती देवघेव सुरू झाल्यावर. प्रत्येक ओळीत पुस्तकाचं नाव, सभासदाचं नाव, त्याचा पत्ता आणि फोन लिहीत गेलं, तर एकाच सभासदाचा पत्ता पन्नास ठिकाणी येतो. त्याने घर बदललं, की पन्नास ठिकाणी दुरुस्ती, आणि त्यांतल्या चारपाच हमखास राहून जातात. यावरचा विचार १९७० मध्ये आयबीएममधले एडगर कॉड यांनी एका शोधनिबंधात मांडला. माहिती तक्त्यांमध्ये ठेवायची, प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची आणि तक्ते एकमेकांना क्रमांकांनी जोडायचे. आपल्या वाचनालयात तीन तक्ते पुरतात: पुस्तकं, सभासद आणि देवघेव. देवघेवीच्या तक्त्यात पुस्तकाचं नाव नसतंच. दाखल क्रमांक, सभासद क्रमांक आणि तारखा एवढंच. नाव हवं असेल तेव्हा डेटाबेस क्रमांकावरून दोन्ही तक्ते जुळवून देतो. हे मागण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्यात आपण 'काय हवं' ते सांगतो. 'कसं शोधायचं' हे डेटाबेस ठरवतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे वीज जाते. सभासदाने पुस्तक नेलं, की दोन नोंदी होतात: देवघेवीत नवी ओळ आणि पुस्तकापुढे 'बाहेर' अशी खूण. पहिली झाली आणि दुसरी होण्याआधी वीज गेली तर? पुस्तक एका तक्त्यात बाहेर आणि दुसऱ्यात कपाटात. डेटाबेसला आपण सांगू शकतो, की या दोन नोंदी मिळून एकच व्यवहार आहे. होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. असा व्यवहार पक्का करताना डेटाबेस बदलाची नोंद आधी लॉग नावाच्या फाइलीत डिस्कवर उतरवतो आणि तक्त्याच्या मूळ फाइली सवडीने बदलतो. वीज परत आल्यावर तो लॉग तपासतो, पूर्ण झालेले व्यवहार तक्त्यांत उतरवतो आणि अर्धवट राहिलेले रद्द करतो. मायएसक्यूएलमध्ये ही सोय इनोडीबी नावाच्या यंत्रणेत आहे आणि २०१० च्या ५.५ या आवृत्तीपासून तीच मुळात निवडलेली असते. जुन्या पुस्तकात मायआयसॅम तक्ते बनवायला सांगितलं असेल, तर ते ऐकू नका. तिथे ही हमी नाही.

ही हमी असली, तरी डिस्क लिहीत असताना यंत्राचं बटण दाबून बंद करणं चांगलं नाही. झॅम्प वापरणाऱ्यांच्या बऱ्याच तक्रारी 'काल चालत होतं, आज मायएसक्यूएल सुरूच होत नाही' अशा असतात, आणि पॅनेलवरचं 'स्टॉप' न दाबता संगणक बंद केला हे त्यामागचं नेहमीचं कारण असतं.

एका संचात चौघे

झॅम्प हे नाव आद्याक्षरांचं बनलं आहे: कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं, आणि अपाची, मारियाडीबी, पीएचपी व पर्ल. अपाची फ्रेंड्स या गटाने हा संच २००२ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढला. त्याआधी यातला प्रत्येक प्रोग्राम वेगळा आणून, एकमेकांची ओळख करून देत बसवावा लागे, आणि नवशिक्याचा सगळा उत्साह तिथेच संपे.

यातले मुख्य तिघेही साधारण एकाच सुमाराला जन्मले. रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या पानासाठी लिहिलेली पीएचपीची साधनं १९९५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. अपाचीची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. स्वीडनमध्ये मायएसक्यूएलही त्याच वर्षी तयार झालं. त्यातलं 'माय' हे मायएसक्यूएलच्या निर्मात्यांपैकी एक, मायकेल विडेनियस यांच्या मुलीचं नाव. २००८ मध्ये सन कंपनीने मायएसक्यूएल १०० कोटी डॉलरना विकत घेतलं, आणि लवकरच सन स्वतःच ओरॅकलच्या ताब्यात गेली. विडेनियस यांना हे पटलं नाही. त्यांनी खुल्या कोडवरून नवी शाखा काढली आणि तिला धाकट्या मुलीचं, मारियाचं, नाव दिलं. झॅम्पमध्ये २०१५ पासून ही मारियाडीबीच आहे, पण पॅनेलवरच्या बटणावर अजून मायएसक्यूएल लिहिलेलं असतं. दोघांची बोली जवळजवळ सारखी असल्यामुळे शिकताना अडत नाही.

झॅम्पच हवं असं नाही. पीएचपीमध्ये २०१२ पासून एक छोटा सर्व्हर अंगभूत आहे. एका आज्ञेत सुरू होतो. डेटाबेसही एसक्यूलाइट घेतला, तर त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही. सगळी माहिती एका फाइलीत राहते, आणि अँड्रॉइड फोनमध्ये तो आधीपासून असतोच. एकट्याने वापरायच्या यादीसाठी मी तोच सुचवेन. पण दोन टेबलांवरून एकाच वेळी देवघेव होणार असेल किंवा पुढे वर्डप्रेस बसवायचं असेल, तर अपाची आणि मारियाडीबी ही जोडी शिकून घ्यावी.

चौकट: चूक कोण सांगतंय ते पाहा

चूक आली की आधी ती कोणाकडून आली हे ओळखावं.

*'कनेक्शन रिफ्यूज्ड', ब्राउझरच्या स्वतःच्या पानावर:* खिडकीवर कोणीच नाही. अपाची सुरू नाही किंवा पत्त्यातला पोर्ट चुकला आहे.

*४०४:* कारकून जागेवर आहे, मागितलेला कागद नाही. फाइल एचटीडॉक्स फोल्डरमध्ये आहे का आणि नाव बरोबर आहे का, ते बघा.

*५००:* कारकुनाने काम हाती घेतलं आणि मध्येच अडखळला. पीएचपीत किंवा कॉन्फिगरेशनमध्ये चूक आहे. नेमकी ओळ अपाचीच्या एरर लॉगमध्ये सापडते.

*पानावर कोडच दिसतो:* पत्ता 'फाइल' या शब्दाने सुरू होतो का पाहा. तसं असेल, तर मागणी सर्व्हरकडे गेलेलीच नाही.

*'ॲक्सेस डिनाइड':* अपाची चालू, पीएचपी चालू, डेटाबेसही चालू. पण वापरकर्त्याचं नाव किंवा पासवर्ड त्याला मान्य नाही.

*'अननोन डेटाबेस':* नाव आणि पासवर्ड पटले, पण त्या नावाचा डेटाबेस तिथे नाही.

लिनक्सवर एक बारकावा आहे. तिथे मायएसक्यूएलला 'लोकलहोस्ट' सांगितलं, तर तो नेटवर्कच्या वाटेने न जाता सॉकेट नावाच्या एका खास फाइलीतून जोडणी करतो, १२७.०.०.१ सांगितलं तर पोर्टमधून. म्हणून कधी कधी एक चालतं आणि दुसरं चालत नाही.

मराठी अक्षरं वाचवायची असतील तर

इंग्रजी शिकवण्यांमध्ये हा भाग सहसा येत नाही, आणि आपल्या वाचनालयाचं खरं नुकसान इथेच होतं. पुस्तकाचं नाव भरलं, जतन केलं, पान पुन्हा उघडलं आणि नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग.

संगणक अक्षरं आकड्यांच्या रूपात ठेवतो. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक आहे आणि यूटीएफ-८ ही तो क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याची रीत. या रीतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरी चिन्हाला तीन. मायएसक्यूएल मूळचं स्वीडिश कंपनीचं असल्यामुळे त्याची मुळातली मांडणी बरीच वर्षं पश्चिम युरोपीय लिपीची, आणि क्रमवारीचे नियम चक्क स्वीडिश भाषेचे होते. त्या मांडणीत देवनागरीला जागाच नव्हती. पुढे 'यूटीएफ८' नावाचा पर्याय आला, पण तो एका चिन्हाला तीन बाइटपर्यंतच मोजायचा. मराठी त्यात मावली. चार बाइटचे इमोजी मावले नाहीत. संपूर्ण पर्यायाचं नाव 'यूटीएफ८एमबी४'. मायएसक्यूएलच्या २०१८ मधल्या ८.० आवृत्तीपासून तो मुळात निवडलेला असतो. तरीही आवृत्तीवर विसंबून राहू नका. डेटाबेस तयार करतानाच हा पर्याय स्वतः निवडा.

तेवढंही पुरत नाही. तीन ठिकाणं एकमेकांशी जुळायला हवीत: तक्ता, पीएचपीची डेटाबेसशी होणारी जोडणी आणि पानाच्या वरच्या भागातली अक्षरसंचाची ओळ. यांतलं एक जरी वेगळं राहिलं, तरी गोंधळ होतो, आणि गोंधळाचा प्रकार पाहून त्याची जागा कळते. एकेका मराठी चिन्हाऐवजी टोप्या-टिंबं असलेल्या रोमन अक्षरांची जत्रा दिसत असेल, तर बाइट शाबूत आहेत आणि फक्त वाचणारा चुकतो आहे; हे बहुधा दुरुस्त होतं. तक्त्यातच प्रश्नचिन्हं बसली असतील, तर मूळ अक्षरं गेली. ती परत मिळत नाहीत, नोंदवही घेऊन पुन्हा टाइप करावं लागतं. म्हणून हजार पुस्तकं भरण्याआधी एक पुस्तक भरून तपासा.

रकान्याची रुंदीही मराठीत वेगळी मोजावी लागते. 'पुस्तक' या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात: पु, स्त, क. डेटाबेसला सहा चिन्हं दिसतात, कारण उकार आणि हलन्त वेगळे मोजले जातात. आणि डिस्कवर ती १८ बाइट होतात. इंग्रजी शिकवणीत शीर्षकासाठी ५० चिन्हं दिली असतील, तर मराठीसाठी निदान दुप्पट द्या.

शोधातही एक खाच आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधी, आणि काही कीबोर्डांवर अजूनही, ते 'अ' आणि त्यावर चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलं जातं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण डेटाबेसला ते वेगवेगळे शब्द वाटतात. एकाने एका रीतीने भरलेलं पुस्तक दुसऱ्याला सापडत नाही. यावर उपाय कोडमध्येच करावा: नोंद भरताना आणि शोधताना दोन्ही वेळा एकच रूप करून घ्यायचं.

क्रमवारीचं दुखणं यापेक्षा जुनं आहे. युनिकोडच्या क्रमांकांत 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. नुसत्या क्रमांकांवर लावलेल्या यादीत 'काळ' आधी येतं आणि 'काव्य' नंतर; मराठी वाचकाला हे उलटं वाटणार. 'ज्ञानेश्वरी' 'ज'च्या शेवटी जाऊन बसते, कारण संगणकाला 'ज्ञ' म्हणजे ज, हलन्त आणि ञ. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या संचातले भाषावार नियम वापरता येतात आणि त्यांत मराठीचेही आहेत. वर्णानुक्रमे छापील सूची काढायची असेल, तर एवढ्या एका कारणासाठी मी पोस्टग्रेएसक्यूएल निवडेन.

घरी चाललं, बाहेर का नाही?

काम पूर्ण झालं, भाड्याच्या सर्व्हरवर चढवलं आणि निम्मी चित्रं गायब. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. विंडोज फाइलीच्या नावातली लहान आणि मोठी रोमन अक्षरं सारखी मानतं. बाहेरचे सर्व्हर बहुतांशी लिनक्सवर चालतात आणि ते सारखी मानत नाहीत. फाइलींची नावं पहिल्या दिवसापासून लहान अक्षरांतच ठेवली, की हा प्रश्न उरत नाही.

पीएचपीची आवृत्ती वेगळी असणं हे दुसरं कारण. घरचं वातावरण आणि बाहेरचं वातावरण हुबेहूब सारखं ठेवण्यासाठी २०१३ मध्ये आलेलं डॉकर वापरतात. सर्व्हर, डेटाबेस आणि त्यांच्या आवृत्त्या एका फाइलीत लिहून ठेवायच्या, म्हणजे कोणत्याही यंत्रावर तोच संच उभा राहतो. चारजणांनी मिळून काम करायचं असेल, तर ते शिकण्याचे कष्ट वाया जात नाहीत. एकट्या नवशिक्याने मात्र आधी झॅम्पवर कारकून आणि अभिलेखपाल वेगवेगळे ओळखायला शिकावं.

झॅम्प जसंच्या तसं बाहेरच्या जगासाठी खुलं करणं मात्र धोक्याचं आहे. त्यात डेटाबेसचा मुख्य वापरकर्ता 'रूट' पासवर्डशिवाय येतो. घरी शिकताना ही सोय आहे. इंटरनेटवर तीच सभासदांच्या पत्त्यांची आणि फोन नंबरांची उघडी दारं होतात. बाहेरच्या सर्व्हरवर वेगळा वापरकर्ता करावा, त्याला त्या एकाच डेटाबेसचे अधिकार द्यावे आणि पासवर्ड कोडच्या फाइलीत न ठेवता वेगळ्या कॉन्फिगरेशन फाइलीत ठेवावा.

या कामाला लागणारे सगळे प्रोग्राम मोफत आहेत आणि पाचसात वर्षं जुन्या लॅपटॉपवरही चालतात. वाचनालयाची पहिली शंभर पुस्तकं भरून झाली, की झॅम्पसोबत येणाऱ्या पीएचपीमायॲडमिन या साधनातल्या 'एक्स्पोर्ट'ने त्यांची फाइल काढा आणि ती पेनड्राइव्हवर ठेवा. मग ती दुसऱ्या संगणकावर 'इम्पोर्ट' करा, आणि शंभरही पुस्तकं मराठी अक्षरांसकट परत आली का, ते मोजून पाहा.